पाहुण्यांना दाखवायची ठिकाणं

चूक माझ्या हातून झाली, असं घरातले सगळे म्हणत होते, आणि सगळ्यांच्या आधी मीच म्हणत होते.

आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच गळ्यात इष्टलिंग बांधतात, बाईच्या काय नि पुरुषाच्या काय, आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नसतं. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, मगच तोंडात घास. माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. बसवून, त्याचं लिंग त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवून माती देतात. त्यामुळे एकाच्या हातात दुसऱ्याचं लिंग गेलं तर काय झालं, हे आमच्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही.

माझे वडील वीरभद्रअप्पा नांदेडच्या एका दवाखान्यात अठरा दिवस होते. शुद्ध नव्हतीच. पहिल्या दिवशी नर्सने त्यांच्या गळ्यातलं लिंग काढून आईच्या हातात दिलं. आईने त्यांचं आणि स्वतःचं अशी दोन्ही एका पिशवीत घातली आणि ती पिशवी गळ्यात बांधली. रोज सकाळी बाहेरच्या बाकावर बसून ती दोन पूजा करायची, एक आपली आणि एक त्यांच्या वतीने. सलाइन लावलेल्या नवऱ्याला अन्न नव्हतं, पण त्याची पूजा तिने एक दिवस चुकवली नाही.

अप्पांना मानवतला घरी आणलं, अंघोळ घालून बसवलं, कपाळभर विभूती लावली. आमचे योगीराज स्वामी म्हणाले, "लिंग आणा." आईने गळ्यातली पिशवी सोडून माझ्याकडे दिली. आत दोन लिंगं, दोन्ही काळी, दोन्ही पांढऱ्या फडक्यात. मी एक उचललं आणि स्वामींना दिलं. मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. पूर्णा जंक्शनला रेल्वे क्वार्टरमध्ये संसार केला, दोन लेकरं मोठी केली, आणि मला एवढं सुचू नये की विचारावं, आई, यातलं कोणतं?

दुसऱ्या दिवशी आई पूजेला बसली. फडकं सोडलं, लिंग तळहातावर घेतलं आणि पुन्हा बांधून ठेवलं.

"हे ह्यांचं हाय," एवढंच म्हणाली. बाहत्तर वर्षांच्या तळहाताला ते बघावंही लागलं नाही.

पूजा नाही म्हणून जेवण नाही. सकाळ-संध्याकाळ कपभर दूध, बस. बीपीची गोळी रिकाम्या पोटी नको म्हणून तीही बंद. चौथ्या दिवशी मोरीतून येताना ती भिंत धरून खाली बसली. डॉक्टरांनी घरी येऊन मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हे असं आठवडाभर चाललं तर माझ्याकडे येऊ नका, सरळ नांदेडला न्या. नांदेडचं नाव काढलं आणि मला दवाखान्याबाहेरचा तो बाक आठवला.

माझा भाऊ शिवकुमार तसा मनाने वाईट नाही, पण त्याला दुःख झालं की कुणालातरी धरून बोलावं लागतं. "ताई, एवढं एकच काम तुझ्याकडं होतं," असं तो चार माणसांत म्हणाला. चतुराबाई काकू तर दारातच सूर लावून बसली, "लेकीच्या हातानं बाप उघडा गेला गं!" मला उत्तर देता आलं असतं. काकूला उत्तर द्यायची मला चांगली सवय आहे. पण त्या दिवशी ती बोलत होती ते खरंच होतं, म्हणून मी गप्प राहिले.

स्वामींनी दोन वाटा सांगितल्या. एक, शेतात जिथे अप्पांना बसवलं तिथली माती अजून ओली होती. उघडून लिंगं बदलता येतील. मात्र दिलेली माती उकरणं कुणाच्याच मनाला येईना. दुसरी, अप्पांचं लिंग गंगेला द्यायचं आणि आईने नव्याने लिंगदीक्षा घ्यायची. दुसरी वाट सगळ्यांना पटली. आईला विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. आमच्यात सुतक मानत नाहीत, तरी घर सुतकात असल्यासारखं बसून होतं.

सहाव्या दिवशी सकाळी ती उठली, लुगडं बदललं आणि मला म्हणाली, "महेश्वरी, मला मुद्गल दाखव."

"आई, तुला उभं राहता येईना."

"गाडीत बसून जायचं हाय ना? पाहुणे काय चालत जायचे का?"

पाहुणे म्हणजे अप्पांचे पाहुणे. मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, अप्पांचं नाव कापसाच्या पारखीसाठी जेवढं होतं, तेवढंच पाहुणचारासाठी. गुजरातेतून, इंदूरहून खरेदीला व्यापारी यायचा. सौदा झाला की अप्पा त्याला लगेच स्टेशनवर जाऊ द्यायचे नाहीत. "आमच्या भागात आलात आन गंगा न बघता जाता? लोक काय मनतील?" मग जीप निघायची. मुद्गलचं नदीच्या पात्रातलं महादेवाचं देऊळ. धारासूरचं गुप्तेश्वराचं. दोन दिवस मोकळे असले तर चारठाण्याची हेमाडपंती देवळं, जिंतूरजवळची नेमगिरीची लेणी. प्रत्येक ठिकाणाची त्यांची एक गोष्ट ठरलेली होती, आणि ती दरवेळी थोडी वाढायची. परत जाऊन पाहुणे पत्र पाठवायचे, पुढे पुढे फोन करायचे, तेव्हा देवळाइतकंच कौतुक डब्याचं असायचं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भरलेली वांगी, दशम्या, मडक्यातलं दही. तो डबा आई भरायची. जीप गेली की ती दार लोटून भांडी घासायला बसायची. मी लहानपणी अप्पांच्या मांडीवर बसून कितीदा गेले, याची गणती नाही. मागे राहिलेली माणसं कोण, हे मला त्या वयात कधी दिसलं नाही, आणि पुढेही मी कधी वळून बघितलं नाही. याची मला आता लाज वाटते.

भागवतला फोन केला. वीस वर्षं त्याने अप्पांची जीप चालवली. आता गुडघे दुखतात म्हणून फक्त शिवकुमारची गाडी कधीमधी काढतो. शिवकुमार म्हणाला, "ताई, रस्त्यात काही झालं तर?" मी म्हणाले, "घरात पडून काही व्हायचं, त्यापेक्षा रस्त्यात होऊ दे." राग त्याच्यावर नव्हता, पण निघाला त्याच्यावर. मी घाईने भाकरी थापायला घेतल्या. आई दाराशी बसून बघत होती.

"चार जास्तीच्या कर," ती म्हणाली. "बाहेरच्या हवेला भूक लागती मनायचे."

मला वाटलं, ती जेवणार. मी आठ जास्तीच्या केल्या.

मुद्गलला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पाणी खालच्या पायऱ्यांना लागलेलं, आणि पाण्यात ते काळं दगडी देऊळ. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. आई भागवतचा हात धरून हळूहळू पायऱ्या उतरली, तिने पाण्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला. देवळाकडे तिने बघितलं, नाही असं नाही, पण तिला दुसरंच बघायचं होतं.

"भागवत, जेवायला कुठं बसायचे रे?"

"हितंच की आई. ह्या पायरीवर सतरंजी हातरायचो. अप्पा मधी, पाव्हणे दोन्ही बाजूला."

आई त्या पायरीवर जाऊन बसली. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. डबा उघडताना आधी काय काढायचे? दही इथवर येईपर्यंत आंबायचं का? एकदा आपण चटणीत मीठ विसरलो होतो, ते कुणाच्या ध्यानात आलं का? अप्पा स्वतः वाढून घ्यायचे का कुणी वाढायचं? भागवत बिचारा आठवून आठवून सांगत होता. ती ऐकताना मान हलवत होती. माझ्या मनात आलं, ही काही देवदर्शनाला आलेली नाही. साठ वर्षांपूर्वी आमच्या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून जी माणसं तिचं जेवून उठली, त्यांच्या पंगतीत ती आज बसायला आली आहे.

मी डबा पुढे केला. तिने हाताने बाजूला सारला.

"आई, मग आलीस कशाला?" मी जरा चढ्या आवाजात बोलले. "माझी चूक झाली, तर मला मार. पण खा."

"धारासूर किती लांब हाय?" तिने भागवतला विचारलं.

धारासूरला गुप्तेश्वराच्या देवळाची दुरुस्ती चालू होती. वरचे दगड उतरवून अंगणात रांगेने मांडलेले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. जेवायची सुट्टी असावी, कामगार कुणी दिसत नव्हते. नदीकडच्या बाजूला एक बेलाचं झाड होतं, त्याच्या सावलीत आम्ही बसलो. आई दमली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी मनातल्या मनात गंगाखेडच्या दवाखान्याचा रस्ता काढत होते.

भागवतला गप्प बसवेना. म्हातारी खूश व्हावी म्हणून तो बोलत सुटला.

"आई, मी एक बार अप्पांना मनलो बगा. इंदूरवाले शेठ मालकिणीला घिऊन आले व्हते, तवा. मनलो, आपल्या बी आईंना घिऊ की, गाडीत जागा हाय. तर अप्पा मनले, अरे, तिला आवड न्हाई."

"काय मनले?"

"तिला असल्या फिरायची आवड न्हाई मनले. घरातच लय रमती मनले." भागवतला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. तो हसत होता.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तीही हसली, पण ते हसणं बघून मी तिचा हात धरला.

"आवड न्हाई," ती म्हणाली. "मला एक डाव इचारलं न्हाई. मला एक डाव जरी इचारलं असतं, तर मी भाकरी करून, डोक्यावर घिऊन, चालत आले असते."

भागवतला मी पाणी आणायला पिटाळलं. तो गेल्यावर आई म्हणाली, "महेश्वरी, तुझी चूक न्हाई. मी बगत होते."

"काय बघत होतीस?"

"तू पिशवीत हात घातलास, तवा माझं लिंग वर आलं. मला दिसलं. माझं फडकं कडेला फाटलेलं हाय. तू ते स्वामीला द्यायलीस, ते मी बगितलं. हात धरायला येत होता मला. मी धरला न्हाई."



"मनात आलं, साठ वर्षं ह्ये जिथं गेले तिथं एकटे गेले. मी मागं राह्यले. आता ह्या वाटंनं तरी माझं काहीतरी संगं जाऊ द्या. बस, एवढंच आलं मनात. माती पडली आन मग कळलं, मी काय केलं. त्यांच्या हातात त्यांचं न्हाई. ज्या बाईनं त्यांचं लिंग अठरा दिवस गळ्यात सांभाळलं, तिनंच त्यांना लिंगाबिगर धाडलं. मग कोणत्या तोंडानं जेवू?"

मला राग आला. खरं सांगते, दयेच्या आधी रागच आला. "सहा दिवस!" मी ओरडले. "सहा दिवस मी जळायलेय. शिवा मला चार माणसांत बोलला, काकू बोलली, मी स्वतःला रोज शिव्या द्यायले, आणि तू भिंतीकडं तोंड करून पडलीस? तोंडानं एक शब्द काढता आला नाही तुला?"

"न्हाई आला," ती म्हणाली. "भ्याले. तू बी मला सोडून जाशील मनून भ्याले."

मी उठून त्या आकडे घातलेल्या दगडांमधून एक फेरी मारून आले. परत आले तेव्हा भागवत तांब्या भरून घेऊन उभा होता. आईने त्याच्याकडून पाणी घेऊन हातपाय धुतले, झाडाखालून बेलाचं एक चांगलं पान निवडलं, पदराने पुसलं. पिशवीतून विभूतीची वडी काढली. मग फडकं सोडून अप्पांचं लिंग डाव्या तळहातावर घेतलं.

तिने पूजा सुरू केली. दवाखान्यातल्या बाकावर ती घाईने करायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय चुकवत. इथे तिला कुणाची घाई नव्हती. पूजा झाल्यावर तिने तळहात डोळ्यांपुढे धरला आणि त्याच्याशी बोलली, जसं घरात अप्पांशी बोलायची तसंच, जरा फटकारून.

"आवड न्हाई मनलात. बरं. आता मी नेईन तिकडं यायचं. तुमची आवड कुणी इचारणार न्हाई."

मग लिंग बांधून गळ्यात घातलं आणि मला म्हणाली, "डबा सोड."

दीड भाकरी खाल्ली तिने, चटणी लावून. चटणीत मीठ कमी आहे म्हणाली. भागवतला दोन वेळा वाढलं. परत येताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि मी मानवत येईपर्यंत खांदा हलवला नाही.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. आईला दीक्षेचं समजवायला शिवकुमारने स्वामींना बोलावून ठेवलं होतं, काकूही होती, शेजारची दोन-चार माणसं होती. आई गाडीतून उतरली ती आत गेलीच नाही. अंगणातल्या खुर्चीवर बसली आणि सगळ्यांच्या देखत, जे मला सांगितलं तेच सांगितलं. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. काकूने तोंडाला पदर लावला. शिवकुमारने एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"मग आता, उमादेवी?" स्वामींनी विचारलं. "समाधी उघडायची?"

"न्हाई. माझं त्यांच्यापाशी राहू द्या. गेलंय ते संगं गेलंय. ह्यांचं माझ्यापाशी राहील. मी रोज पूजा करीन."

"असं शास्त्रात न्हाई."

"बाईला घरी ठिवून पाव्हण्यांना गंगा दाखवा, असं तरी कोणत्या शास्त्रात हाय, स्वामी? लिंग बाईला आन बाप्याला सारखंच बांधता ना तुमी?"

स्वामी म्हणजे सत्तरी ओलांडलेला माणूस, आमच्या घरातली तीन लग्नं त्यांनी लावली आणि चार माणसांना माती दिली. अप्पांबरोबर धारासूरला तेही एक-दोनदा गेले होते. ते म्हणाले, "पूजा झाली का आज?"

"झाली. जेवले बी."

"मग मी काय सांगू?" म्हणून त्यांनी विभूतीचं बोट तिच्या कपाळाला लावलं.

शिवकुमार पुढे आला. "आई, आणि तू..." त्याला पुढचं बोलता येईना. पण त्याला काय विचारायचं आहे हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. अप्पांच्या हातात आईचं गेलं. आईची वेळ आली की तिच्या हातात काय द्यायचं?

"ह्येच," आई गळ्यातल्या पिशवीवर हात ठेवून म्हणाली. "ह्यांचंच द्यायचं. आन ते महेश्वरीच्या हातानं. दुसऱ्या कुणी पिशवीला हात लावायचा न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दिशील ना गं?"

"हो," मी म्हणाले. ती माझ्यावरचा आळ सगळ्यांपुढे काढून टाकत होती, आणि मला बरं वाटलं, म्हणून मी पटकन हो म्हणाले. मग आपण कशाला हो म्हणालो ते माझ्या ध्यानात आलं. अप्पा गेले तेव्हा चुकीच्या धाकाने मला धड रडताही आलं नव्हतं. त्या अंगणात मी आईचे गुडघे धरून, काकूसमोर, स्वामींसमोर, लहान पोरीसारखी रडले.